अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर : लिंगभाव, वासना आणि भ्रम

अमेरिकन नाटककार टेनेसी विल्यम्स (१९११–१९८३) यांचे अकरा प्रवेशांचे नाटक. पहिला प्रयोग ३ डिसेंबर १९४७ रोजी न्यूयॉर्कच्या एथेल बॅरीमोर थिएटरमध्ये झाला. दिग्दर्शन इलिया कझान यांचे. ब्रॉडवेवर त्याचे ८५५ प्रयोग झाले आणि १९४८ चे पुलित्झर पारितोषिक त्याला मिळाले. नायिका ब्लांश खोटे बोलते आणि तिचा मेहुणा स्टॅन्ली खरे, अशी या नाटकाची ढोबळ मांडणी बरीच वर्षे होत आली. प्रत्यक्षात त्यातले प्रत्येक पात्र कोणत्या ना कोणत्या भ्रमावर जगते. कोणाचा भ्रम खपवून घ्यायचा आणि कोणाचा फाडायचा, हे त्याने कोणाची सोय होते यावर ठरते. आणि स्टॅन्लीच्या घरात सोय बहुतेक वेळा पुरुषाचीच पाहिली जाते.

कथानक न्यू ऑर्लिन्समधले. मिसिसिपी राज्यातल्या लॉरेल गावची इंग्रजीची शिक्षिका ब्लांश डुबॉय बहिणीकडे, स्टेलाकडे, राहायला येते. ‘डिझायर’ नावाच्या ट्राममधून, मग ‘सिमेटरीज’ नावाच्या दुसऱ्या ट्राममधून ती ‘एलिजियन फील्ड्स’ या रस्त्यावर उतरते. वासना, स्मशान आणि ग्रीक पुराणातला मृतांचा सुखलोक असा हा क्रम कुणालाही रचलेला वाटावा. पण ही नावे शहरात खरोखरच होती. स्टेलाचा नवरा स्टॅन्ली कोवाल्स्की हा युद्धावरून परतलेला पोलिश वंशाचा कामगार. दोन खोल्यांचे घर, मध्ये फक्त पडदा, स्टेला गरोदर. ब्लांश आल्यापासून स्टॅन्लीला स्वतःच्याच घरात परके वाटू लागते आणि तो तिच्या भूतकाळाचा माग काढतो. शेवटी, स्टेला बाळंतपणासाठी इस्पितळात असताना, तो ब्लांशवर बलात्कार करतो. ब्लांशची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होते.

ब्लांश आल्या आल्या स्टॅन्ली पहिला प्रश्न काढतो तो मालमत्तेचा. लुइझियानात चालणाऱ्या नेपोलियन कोड या कायद्याप्रमाणे बायकोचे ते नवऱ्याचे, हे तो पुन्हा पुन्हा ऐकवतो आणि बेल रीव्ह ही डुबॉय घराण्याची जमीनदारी कुठे गेली म्हणून ब्लांशची ट्रंक उपसतो. स्वस्तातले फर आणि खोटे दागिने त्याला खरे वाटतात, हा त्या प्रवेशातला विनोद. खोटेपणा पकडायला निघालेला माणूस पहिल्याच पावलाला फसतो. ब्लांशचे उत्तर मात्र नीट ऐकण्यासारखे आहे. आजे, बाप, काका, भाऊ यांनी आपल्या रंगेलपणापायी जमिनीचा तुकडा न् तुकडा घालवला; शेवटी घर, वीसेक एकर आणि कुटुंबाचे स्मशान एवढेच उरले. म्हणजे पुरुषांच्या वासनेने घर बुडाले, मरणाऱ्यांची शुश्रूषा घरातल्या मुलीने केली आणि चारित्र्याचा हिशेबही तिच्याकडेच मागितला गेला. ती जमीनदारी मळ्यांवर उभी होती, आणि अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मळ्यांमागे गुलामांचे श्रम होते. हे ब्लांश बोलत नाही. तिच्या भ्रमाचा तोही एक भाग आहे.

वासनेकडे दोघी बहिणी वेगळ्या नजरेने पाहतात. पोकरच्या रात्री दारूच्या नशेत स्टॅन्ली स्टेलाला मारतो, मग जिन्याखाली उभा राहून तिच्या नावाने टाहो फोडतो, आणि ती खाली येते. दुसऱ्या दिवशी ब्लांश हादरलेली असते, स्टेला मात्र तृप्त. अंधारात स्त्रीपुरुषांमध्ये जे घडते त्यापुढे बाकीचे फारसे महत्त्वाचे वाटत नाही, असे ती सांगते. त्या खडखडणाऱ्या ट्रामचेच नाव तू घेते आहेस, असे ब्लांश टोचते; त्याच ट्रामने मला इथवर आणले, हेही कबूल करते. तिच्या लेखी वासना ही मरणाच्या विरुद्ध टोकाची गोष्ट. लॉरेलमधल्या हॉटेलातले परके पुरुष आणि ज्याच्यामुळे नोकरी गेली तो सतरा वर्षांचा विद्यार्थी, यांचा अर्थ ती असाच लावते. विद्यार्थ्याच्या बाबतीत हा अर्थ पुरेसा नाही. तिच्याबद्दल सहानुभूती असलेले समीक्षक इथे जरा घाईने पुढे सरकतात.

या सगळ्याच्या मुळाशी तिचा कोवळ्या वयातला नवरा ॲलन ग्रे आहे. तो समलिंगी असल्याचे तिला अचानक कळले; नाचता नाचता तिने आपली किळस बोलून दाखवली आणि त्याने तळ्याकाठी स्वतःवर गोळी झाडली. तेव्हा वाजत असलेली पोल्का या नाचाची धून नाटकभर तिच्या कानात वाजते, गोळीचा आवाज झाला की थांबते. पुरुषाने कसे असावे या त्या काळच्या कल्पनेचा पहिला बळी ॲलन, आणि तो घ्यायला ब्लांशच कारण झाली होती. विल्यम्स स्वतः समलिंगी होते, त्यावरून ब्लांश म्हणजे स्त्रीवेश घालून आलेला पुरुषच, असे काहींनी म्हटले. हे वाचन आळशी आहे. बेल रीव्हचा हिशेब, लग्नाशिवाय आधार नसलेली तिशीतली शिक्षिका, वयाची धास्ती हे सगळे त्यात वाऱ्यावर जाते. विल्यम्स यांच्या बहिणीवर, रोझवर, १९४३ मध्ये मेंदूची लोबोटॉमी शस्त्रक्रिया झाली होती. शेवटच्या प्रवेशामागे ती सावली दिसते.

भ्रमाची सगळ्यात ठसठशीत खूण म्हणजे उघड्या बल्बवर लावलेला कागदी कंदील. ब्लांश तो मिचकडून, स्टॅन्लीच्या साध्याभोळ्या मित्राकडून, लावून घेते. मिच तिच्याशी लग्न करायच्या बेतात असतो. तिचा पूर्वेतिहास कळल्यावर तो तोच कंदील ओरबाडून काढतो आणि तिचा चेहरा उजेडात धरून पाहतो. आपल्याला वास्तव नको, जादू हवी, हे तिचे प्रसिद्ध वाक्य इथलेच. पण त्याच प्रवेशात पुढे काय होते ते अधिक बोलके आहे. मिच तिला जवळ ओढतो. ती लग्नाचे विचारते. तेव्हा आईच्या घरात नेण्याइतकी तू स्वच्छ नाहीस, असे तो सुनावतो. शय्येला चालते, घराला चालत नाही. शेवटी स्टॅन्ली कंदील दुसऱ्यांदा फाडून तिच्यापुढे धरतो, तेव्हा स्वतःलाच फाडल्यासारखी ती किंचाळते.

स्टॅन्लीचाही भ्रम आहे. प्रत्येक माणूस राजा असतो, हे लुइझियानाचे राजकारणी ह्यूई लाँग यांचे वचन तो बायकोला ऐकवतो आणि जेवणाच्या टेबलावरची ताटे फेकतो. हे राज्य फक्त दोन खोल्यांचे आहे, म्हणून तर तो ते इतक्या हिंस्रपणे राखतो. आणि सर्वांत मोठा भ्रम स्टेलाचा. ब्लांश बलात्काराबद्दल सांगते. तिच्यावर विश्वास ठेवला तर स्टॅन्लीबरोबर राहता येणार नाही, असे स्टेला शेजारीण युनिसला सांगते आणि युनिस तिला विश्वास ठेवू नकोस म्हणते. हा भ्रम कुणी फाडत नाही, त्याला वेड म्हणत नाही. संसार त्यावरच चालतो. परक्यांच्या दयेवर आपण नेहमी विसंबून राहिलो, असे डॉक्टरला सांगून ब्लांश निघून जाते आणि आत पोकरचा पुढचा डाव वाटला जातो.

रंगमंचावर हा तोल सांभाळणे अवघड ठरले. मूळ प्रयोगात जेसिका टँडी ब्लांश आणि तेवीस वर्षांचा मार्लन ब्रँडो स्टॅन्ली होता. ब्रँडोचे आकर्षण असे की प्रेक्षक त्याच्या बाजूने हसत. हॅरल्ड क्लर्मन यांनी दिग्दर्शित केलेल्या दौऱ्याच्या प्रयोगात उटा हेगन यांच्या ब्लांशमुळे पारडे पुन्हा तिच्याकडे झुकले. १९५१ च्या चित्रपटात लंडनच्या प्रयोगातली ब्लांश, व्हिव्हियन ली, होती; तिला ऑस्कर मिळाले. हॉलिवूडच्या नीतिनियमांमुळे ॲलनची समलैंगिकता गाळली गेली आणि शेवटी स्टेला नवऱ्याकडे परत न जाण्याचे ठरवते असे दाखवले गेले. गुन्हेगाराला शिक्षा झाली पाहिजे, या हट्टापायी नाटकातला सर्वांत बोचरा प्रश्नच निकालात निघाला. कापलेले काही तुकडे १९९३ च्या आवृत्तीत परत आले, पण शेवट तोच राहिला.

या नाटकावर बेतलेल्या १९९१ मधल्या ‘बेल रिप्रीव्ह’ या नाट्यकृतीत स्टॅन्ली एका स्त्रीने आणि ब्लांश स्त्रीवेशातल्या पुरुषाने साकारली. आंद्रे प्रेव्हिन यांचा मूळ नाटकावरील ऑपेरा १९९८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झाला. मराठीत विजय तेंडुलकरांनी ‘वासनाचक्र’ या नावाने या नाटकाचा अनुवाद केला आहे.