पाणी गेलं कुठे?

दुर्बिणीतून गर्भाशयात पहिल्यांदा डोकावले ते डॉक्टर पँतालेओनी, 1869 साली. शस्त्रक्रियेत सोडलेलं पाणी अंगात मुरण्याची डोकेदुखी मात्र स्त्रीरोग विभागात आली ती शेजारून, प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) टेबलावरून. मूत्रमार्गातून प्रोस्टेट खरवडताना नीट दिसावं म्हणून सर्जन डिस्टिल्ड वॉटर सोडत. कापलेल्या शिरांतून ते रक्तात शिरलं की तांबड्या पेशी फुटत. अमेरिकेत क्रीव्ही यांनी 1947 मध्ये अशा जीवघेण्या प्रकाराची नोंद केली आणि पुढच्याच वर्षी ग्लायसिन या अमिनो आम्लाचं द्रावण आलं. साधं सलाईन का नाही? त्या काळच्या विजेवर कापणाऱ्या यंत्राचा करंट मिठाच्या पाण्यात विखुरला जाई, कापणं होतच नसे.

पेशी फुटणं थांबलं, शोषण तसंच राहिलं. 1976 मध्ये न्यूवर्थ आणि अमीन यांनी मूत्ररोगवाल्यांचं हेच विजेवर कापणारं हत्यार गर्भाशयातल्या गाठी काढायला वापरलं, आणि हत्याराबरोबर त्याचा धोकाही आला. साधारण लिटरभर ग्लायसिन अंगात मुरलं की रक्तातलं सोडियम दहाएक अंकांनी (मिलिमोल प्रति लिटर) उतरतं, मेंदूला सूज येऊ शकते. पाळी सुरू असलेल्या वयातल्या स्त्रियांच्या मेंदूला ही घसरण जास्त बाधते, हे एयस आणि एरिफ यांनी 1992 मध्ये दाखवलं.

मग ओळखायचं कसं? सोपा मार्ग हिशेबाचा: सोडलं किती, परत आलं किती. पण हा हिशेब कधीच चोख लागत नाही. काही पाणी चादरीत जिरतं, काही जमिनीवर सांडतं, आणि पिशवीत छापल्यापेक्षा थोडं जास्तच भरलेलं असतं.

मला यातली सर्वांत देखणी युक्ती वाटते ती स्वीडनची. 1986 मध्ये हुल्टेन आणि सहकाऱ्यांनी प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेत द्रावणात थोडा इथेनॉल मिसळला आणि रुग्णाच्या श्वासातली दारू मोजली. पोलीस रस्त्यावर लावतात तीच चाचणी! चादरीवर सांडलेलं पाणी श्वासात येत नाही. येतं ते फक्त रक्तात गेलेलं. पुढे ही पद्धत गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांतही वापरून झाली, पण ती सर्वत्र रुळली नाही. बहुतेक ठिकाणी पाण्याचा हिशेब वजनकाट्यावर ठेवणारी यंत्रं आली.

नंतर बायपोलर यंत्रांमुळे (यांत करंट हत्याराच्या टोकाशीच फिरतो) सलाईन वापरता येऊ लागलं. निरोगी रुग्णाच्या अंगात मुरू द्यायच्या ग्लायसिनची मर्यादा 1000 मिलीलिटर मानली जाते, सलाईनची 2500. सोडियमची भीती गेली, पण त्याबरोबर एक खूणही गेली. सलाईन कितीही मुरलं तरी सोडियमचा रिपोर्ट जवळपास नॉर्मलच येतो आणि फुप्फुसांत मात्र पाणी भरू शकतं. म्हणून सिस्टर अजूनही पिशव्या मोजतात.