गल्लीतल्या रस्त्याचा पैसा येतो कुठून: थोडी पार्श्वभूमी

आपल्या बेळगावकडच्या गावांत दोन-चार वर्षं झाली की कुठल्या ना कुठल्या गल्लीत भूमिपूजन होतं, नारळ फुटतो, काँक्रीट पडतं आणि पुढच्या पावसाळ्यात लोक बोंबलायला लागतात की रस्ता वर आला नि उंबरा खाली गेला, पाणी थेट सोप्यात. यात ठेकेदाराला शिव्या घालायच्या त्या घालाच, पण खरी गोम पैसा कुठल्या हेडमधनं, म्हणजे सरकारी हिशेबातल्या कुठल्या खात्यातनं, येतो त्यात आहे. रस्ता म्हणजे गाडी जाण्याची पट्टी एवढंच सरकारी कागदाला पहिल्यापासून माहीत, चालणाऱ्या माणसाचं हेडच नाही.

सुरुवात मुंबई इलाख्यापासनं करावी लागते कारण बेळगाव तेव्हा तिकडंच होतं. १८६९ च्या लोकल फंड कायद्यानं शेतसाऱ्यावर रुपयाला एक आणा जादा पट्टी पक्की केली, त्यातला साधारण दोन तृतीयांश रस्ते वगैरे कामांना नि एक तृतीयांश शाळांना, आणि १८८४ ला तालुका-जिल्हा लोकल बोर्डं आली. पण हा रस्त्यांचा पैसा मुख्यतः गावाबाहेरच्या रस्त्यांना, म्हणजे बैलगाडी बाजारपेठेला पोचावी म्हणून. गावाच्या आत काय आहे, चिखल की उकिरडा, ते गावानं बघायचं. ही सवय पुढं कधी गेलीच नाही.

१ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, १९५९ चा म्हैसूरचा पंचायत कायदा लागू झाला, १९६७ ला सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा रिपोर्ट आला, त्यात निपाणी, खानापूर महाराष्ट्राला द्या म्हटलं नि बेळगाव म्हैसूरकडंच ठेवा म्हटलं, आणि दोन्ही बाजूंनी काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे. महाराष्ट्राचा सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. दावा नव्हता तेव्हाही गटार तुंबलेलंच होतं, ते वेगळं. कर्नाटकानं सीमाभागासाठी म्हणून २०१० ला कायदा करून वेगळं प्राधिकरणही काढलं, पण त्याचा कल कन्नड भाषा-संस्कृतीकडं, त्यामुळं मराठी गावांत त्याच्याबद्दल काय बोलतात ते इथं न लिहिलेलं बरं.

खरा बदल १९८३ च्या कर्नाटकाच्या पंचायत कायद्यानं झाला. अब्दुल नझीर साब पंचायत राज मंत्री होते, गावोगाव बोअरवेल मारल्या म्हणून लोक त्यांना नीर साब म्हणायचे. १९८७ ला झेडपी आणि मंडल पंचायतीच्या (काही गावांची मिळून एक) निवडणुका झाल्या आणि पहिल्यांदा थोडा पैसा नि थोडा अधिकार खाली उतरला. नंतर ७३ वी घटनादुरुस्ती, १९९३ चा पंचायत राज कायदा, मग मंडल जाऊन आजची ग्रामपंचायत. इथनं पुढं केंद्राच्या वित्त आयोगाचा पैसा यायला लागला. दहाव्या आयोगानं १९७१ च्या लोकसंख्येवर माणशी १०० रुपये धरले होते, चौदाव्यानं (२०१५ ते २०२०) ग्रामीण भागाचा सगळा पैसा सरळ ग्रामपंचायतीला दिला, मधे झेडपी नाही तालुका नाही, आणि गावागावात काँक्रीट दिसायला लागलं ते बरंचसं तेव्हापासनं. पंधराव्यानं परत तिन्ही ठिकाणी वाटणी केली आणि २०२१ ते २०२६ साठी ६० टक्के पाणी नि स्वच्छतेला बांधून टाकले. उरलेल्या ४० टक्क्यांत रस्ता, दिवे, स्मशान सगळं. पीडीओसाहेब (पंचायत विकास अधिकारी) फंड नाही म्हणतात तेव्हा दरवेळी थाप मारत नसतात, कधी कधी खरंच नसतो.

बाकीचा पैसा तुकड्या-तुकड्यानं. राज्याची सुवर्ण ग्रामोदय योजना २००६ च्या सुमाराची, खासदार फंड १९९३ पासून (आता वर्षाला ५ कोटी), आमदार फंड, एससी कॉलनीचा वेगळा, नि २००८ पासून देशभर रोजगार हमी. रोजगार हमीत मजुरी ६० टक्के आणि माल ४० टक्के असं गणित सांभाळायचं असायचं आणि काँक्रीट रस्त्यात बहुतेक खर्च मालाचाच, म्हणून ते बसवायला दुसरीकडं मातीकाम दाखवावं लागायचं. प्रत्येक तुकड्याचं एस्टिमेट वेगळं, वर्ष वेगळं. आमदार फंडात कोपऱ्यापर्यंत झालं, पुढचं पंचायतीच्या फंडात, मधली पन्नास पावलं कुणाचीच नाहीत. आणि जुनं उखडून लेव्हल काढायला एस्टिमेटमध्ये पैसे क्वचितच धरतात, म्हणून थरावर थर. मग घरवाले दारातनं रस्त्यापर्यंत गटारावर शहाबादी फरशी टाकतात, ती तिरकी, पावसात शेवाळलेली, काठी टेकत येणारं माणूस हमखास तिथंच घसरतं.

एक गोष्ट सरकारी इतिहासात सापडणार नाही. बेळगाव तालुक्यात रस्ता रुंद होण्याचं सगळ्यात मोठं कारण फंड नसून लक्ष्मी यात्रा आहे. दहा-बारा वर्षांनी, कुठं वीस-पंचवीस वर्षांनी यात्रा भरते, रथ फिरायला वाट पाहिजे, मग जे अतिक्रमण कुठल्या नोटिशीनं निघालं नसतं ते लोक आपल्या हातानं काढतात, पायऱ्या फोडतात, वायरी वर घेतात आणि पुढाऱ्यांकडनं फंडही त्याच वर्षी सुटतो. यात्रा झाली की दोन वर्षांत पायऱ्या परत बाहेर.

अपंगांचं बघायचं तर १९९५ च्या कायद्यातच फूटपाथला उतार करा, असं लिहिलं होतं, पण ऐपत असेल तसं करा अशी पळवाट ठेवून. २०१६ चा कायदा जरा कडक आला. पण फूटपाथच नाही तिथं उतार कशाला देणार? २०१६ लाच स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत बेळगाव आलं, शहरात फूटपाथवाले रोड झाले, ते शहरापुरतंच राहिलं. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातनं ५ टक्के अपंगांसाठी ठेवायचे असतात, ते बहुतेक वस्तू नि मदत वाटण्यात जातात, वाटपाचा फोटो निघतो, आणि मिळालेली तीनचाकी गटारावरच्या त्या फरशीपाशी येऊन अडते.

सेफ्टीचं तर अजून विचित्र. निपाणी, संकेश्वर, काकतीकडचा हायवे केंद्राचा, मोठे रस्ते पीडब्ल्यूडीचे, आतले पंचायतीचे. मुलगा हायवेवर अपघातात गेला तर पंचायत म्हणते आमच्या हद्दीत येत नाही. मग पोरं रातोरात स्वतःच स्पीडब्रेकर घालतात, उभा कट्टाच एकदम. नियमाचा म्हणजे १० सेंटीमीटर उंच नि ३.७ मीटर रुंद, गोलसर. आपला असतो फूटभर रुंद, पांढरा पट्टा नाही, रात्री बाइकवाला त्यावरच उडतो.

सध्याच्या चौकटीत करण्यासारखं एवढंच की कामाची मागणी वार्डसभेतनं वर जाते, कायद्यात वार्डसभा ग्रामसभेच्या आधी आहे, आणि तिथं नुसतं ‘सीसी रोड’ (काँक्रीट रस्ता) लिहून न देता जुना थर काढणे, गटारावर सपाट झाकण, शाळेसमोर नियमाचा हंप असं एकाच कामात लिहून दिलं तर इंजिनियरला ते एस्टिमेटमध्ये धरता येतं, नंतर वेगळं मागितलं की त्याला हेड नसतं. नोटीस कन्नडमध्ये लागते, तेवढी कुणाकडनं तरी वाचून घ्या, तारीख निघून जाते.