रग्बीत पाठीवरचा नंबर माणसाचा नसतो, जागेचा असतो

आपल्याकडे १० म्हटलं की सचिन आणि ७ म्हटलं की धोनी. रग्बी युनियनमध्ये (१५ जणांची रग्बी) तसं नाही, तिथे १० म्हणजे फ्लाय-हाफ, टीमची चाल ठरवणारा, आज जो कुणी त्या जागी खेळतोय तो, आणि पुढच्या मॅचला तोच माणूस फुलबॅकला, म्हणजे सगळ्यात मागे, खेळला तर त्याच्या पाठीवर १५ येणार. मला ही पद्धत जाम आवडते, नुसती पाठ बघून कळतं कुणाकडे काय काम आहे.

सुरुवात मात्र कामं दाखवायला झाली नव्हती. १८९७ मध्ये ब्रिस्बेनला क्वीन्सलँड विरुद्ध न्यूझीलंड मॅच झाली, तिथे प्रेक्षकांना खेळाडू ओळखता यावेत म्हणून पहिल्यांदा नंबर लावले. १९२० नंतर इंटरनॅशनल मॅचमध्ये नंबर दिसायला लागले पण सक्ती नव्हती, ज्याचं त्याने ठरवायचं. स्कॉटलंडच्या रग्बी संघटनेतले जेम्स एकमन स्मिथ तर पार विरोधात होते. १९२८ च्या कलकत्ता कपच्या (इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड) मॅचला राजा पाचवा जॉर्ज आला होता, त्याने विचारलं की स्कॉटलंडच्या पाठीवर नंबर का नाहीत, तर स्मिथ म्हणाले म्हणे, "सर, ही रग्बीची मॅच आहे, गुरांचा बाजार नाही." (हा कप अस्सल आपल्याकडच्या चांदीच्या रुपयांचा आहे बरं का, कलकत्त्याचा क्लब बंद झाला तेव्हा बँकेतले रुपये वितळवून बनवलेला, हँडलला नाग आणि झाकणावर हत्ती.) मला स्मिथ यांचं म्हणणं पटत नाही, लांब बसलेल्या माणसाला ट्राय (समोरच्यांच्या रेषेपलीकडे बॉल टेकवणं) कुणी केला ते कळायलाच हवं.

आधी बऱ्याच ठिकाणी फुलबॅकला १ देऊन तिथून पुढे मोजायचे, रग्बी लीगमध्ये (१३ जणांची वेगळी रग्बी) अजूनही फुलबॅक १ च आहे. युनियनमध्ये ते उलटं झालं आणि १९६० च्या दशकात पक्कं बसलं, १ म्हणजे लूजहेड प्रॉप, पहिल्या फळीत डावीकडचा, आणि ३ उजवीकडचा. १ आणि ३ दोघंही प्रॉपच, मग वेगळे नंबर कशाला? तर स्क्रममध्ये (दोन्हीकडचे ८-८ जण वाकून एकमेकांना ढकलतात ते) दोन्ही टीमच्या पहिल्या फळीतली डोकी एकमेकांत अडकतात, त्यात १ नंबरवाल्याच्या डोक्याची डावी बाजू मोकळी राहते आणि ३ नंबरवाल्याचं डोकं समोरच्या दोघांच्या मधे जातं, म्हणजे त्याच्या दोन्ही खांद्यांवर दाब येतो, आणि मोठ्या लेव्हलला एका बाजूच्या ८ जणांचं वजनच ९०० किलोच्या आसपास असतं. तेव्हा १ वाला ३ ला सहज खेळेल असं नाही, तंत्रच वेगळं.

काही क्लब आपल्याच वाटेने गेले. इंग्लंडमधले लेस्टर आणि ब्रिस्टल कित्येक वर्षं नंबरऐवजी अक्षरं लावायचे, लेस्टरची पहिली फळी तर "एबीसी क्लब" म्हणूनच फेमस होती. तिथल्याच बाथने १३ नंबर वगळला होता, त्यामुळे त्यांचा फुलबॅक १६ घालायचा. पुढे तिथल्या क्लब स्पर्धेने सगळ्यांना एकच पद्धत लावली.

एक घोळ अजून आहे. फ्लँकर म्हणजे स्क्रमच्या कडेचे दोघं, मैदान जास्त मोकळं असतं तिकडचा ओपनसाइड आणि दुसरा ब्लाइंडसाइड. बहुतेक देशांत ओपनसाइड फ्लँकर ७ घालतो आणि ब्लाइंडसाइड ६, दक्षिण आफ्रिकेत बरोबर उलटं. त्यामुळे त्यांची मॅच बघताना गोंधळू नका, न्यूझीलंडचा रिची मकॉ ७ घालून ज्या जागी खेळायचा, तीच जागा दक्षिण आफ्रिकेच्या सिया कोलिसीची, ६ घालून.