एरेटोका बेटावरील दफन : रोई माताची कथा आणि उत्खनन

दक्षिण प्रशांत महासागरातील वानुआतू या मेलानेशियन देशात रोई माता या सरदाराची कथा पिढ्यान्‌पिढ्या तोंडी सांगितली जाते. एफाते बेटावरील गटांमधल्या लढाया थांबवण्यासाठी त्याने मेजवानी भरवली आणि प्रत्येकाला एकेक वस्तू आणायला सांगितले. नारळ, कोनफळ, ऑक्टोपस असे जे ज्याने आणले, ते त्याचे कुळ ठरले. आईकडून चालत येणारी ही कुळे, म्हणजे ‘नाफ्लाक’, गावोगावी विखुरलेली असल्यामुळे शत्रूच्या गावातही आपला नातलग निघू लागला.

पुढे भावानेच त्याच्यावर विषप्रयोग केला, लेलेपा बेटावरील फेल्स गुहेत त्याने प्राण सोडला आणि एरेटोका या लहानशा बेटावर त्याला पुरताना अनेक माणसे त्याच्यासोबत जमिनीत गेली, असे कथा सांगते. त्यानंतर ते बेट निषिद्ध मानले गेले आणि तेथे कोणी वस्ती केली नाही.

१९६७ मध्ये फ्रेंच पुरातत्त्वज्ञ जोझे गारांजे यांनी स्थानिकांच्या सांगण्यावर विसंबून तेथे उत्खनन केले. मध्यभागी एका पुरुषाचे दफन होते. त्याच्या भोवती मिळून पन्नासहून अधिक माणसे होती आणि त्यांतील कित्येक स्त्री-पुरुषांच्या जोड्या होत्या. शंख-शिंपल्यांचे मणी आणि डुकरांचे वळलेले सुळे अंगावर तसेच होते. पुरुष शांत, उताणे पडलेले, तर अनेक स्त्रिया त्यांना बिलगलेल्या. यावरून पुरुषांना आधी कावा पाजला असावा आणि स्त्रिया जिवंतपणीच पुरल्या गेल्या असाव्यात, असा तर्क केला जातो. (कावा म्हणजे आपल्या नागवेलीच्याच प्रजातीतील एका झुडपाच्या मुळांचे गुंगी आणणारे पेय.) हा तर्क सांगाड्यांच्या ठेवणीवर उभा आहे, हे मात्र विसरता कामा नये.

कालनिर्णयही सरळ झाला नाही. पहिल्या कार्बन-मापनाने हे दफन तेराव्या शतकात नेले होते. पुढील अभ्यासाने ते इ. स. १६०० च्या आसपास आणले. मधल्या पुरुषाचे नाव मात्र कोणतेही मापन सांगू शकत नाही. तो रोई माता होता, हे आजही आपण कथेच्याच भरवशावर म्हणतो. पण सामूहिक दफनासारखा तपशील जिने अचूक जपला, तिच्यावर एवढा भरवसा ठेवणे मला वाजवी वाटते.

त्याचे निवासस्थान, गुहा आणि हे दफनस्थळ मिळून २००८ मध्ये वानुआतूचे पहिले जागतिक वारसास्थळ झाले. ‘रोई माता’ हा किताब त्याच्यानंतर कोणीही धारण केलेला नाही.