सेगवेला ग्रानादाचा चढ कसा सापडला

सेगवे म्हणजे उभं राहून चालवायचं, स्वतःचा तोल सांभाळणारं विजेवरचं दुचाकी यंत्र. दक्षिण स्पेनमधल्या ग्रानादा शहरातली सेगवेची सहल बहुधा ठरलेल्या वाटेने जाते. प्लासा न्वेवाच्या आसपास हेल्मेट चढतं, मोकळ्या जागेत थोडा सराव होतो. मग गाइडच्या मागे एका रांगेत दार्रो नदीच्या काठाने, क्वेस्ता देल चापिसचा छातीवरचा चढ चढून, एकतर साक्रोमोंतेच्या गुहांकडे किंवा सान निकोलासच्या कट्ट्यावर. समोरच्या डोंगरावर अल्हम्ब्राचा लालसर किल्ला, त्याच्यामागे सिएर्रा नेवादावरचं बर्फ. फोटो होतात आणि मंडळी उतरू लागतात.

दीड-दोन तासांच्या या करमणुकीच्या मागे दोन इतिहास आहेत. एक टेकडीचा, हजार वर्षांचा. दुसरा यंत्राचा, पाव शतकाचा. परक्यांना सहज वर येता येऊ नये म्हणून ही टेकडी वसवली गेली. यंत्र बनवलं ते शहरांतून मोटारी हटवायला. ज्यासाठी जन्म झाला ते काम दोघांच्याही हातून गेलं आणि दोघांनाही पोटापाण्याला लावलं ते पर्यटकांनी.

टेकडीपासून सुरुवात करू. अकराव्या शतकाच्या आरंभी उत्तर आफ्रिकेतून आलेल्या बर्बर झिरी घराण्याने सपाटीवरचं एल्विरा हे जुनं शहर सोडून दार्रोच्या उत्तरेकडची टेकडी निवडली. कारण सरळ होतं : कोर्दोबाची खिलाफत मोडकळीला आली होती, लूटमार वाढली होती आणि सपाटीवर तट राखणं कठीण. आज जिला आल्बाइसिन म्हणतात ती ही टेकडी. त्या काळच्या तटाचे तुकडे अजून उभे आहेत. प्लासा लार्गाला लागून असलेलं आर्को दे लास पेसास हे दार आपल्या गडांच्या गोमुखी दरवाजाची आठवण करून देतं : आत शिरणाऱ्याला सरळ धावता येत नाही, वळावंच लागतं. पुढे याच दाराच्या भिंतीवर लबाड व्यापाऱ्यांची जप्त केलेली खोटी वजनं टांगायची पद्धत पडली. काही अजून तिथे दिसतात.

१२३८ मध्ये नास्रीद घराण्याचा पहिला सुलतान मुहम्मद ग्रानादात आला आणि त्याने समोरच्या साबिका टेकडीवर अल्हम्ब्राची पायाभरणी केली. राजा नदीपलीकडे गेला, आल्बाइसिन कारागिरांचं, रेशीम विणणाऱ्यांचं, दाट वस्तीचं शहर झालं. गल्ल्यांची रुंदी लादलेल्या गाढवाला जाता येईल एवढी. उभा चढ आला की पायऱ्या. चाकाचा विचार कुणी केलाच नव्हता, कारण इथे चाक कुणाच्या कामाचं नव्हतं.

पण पाण्याचा विचार मात्र फार बारकाईने केला होता, आणि मला स्वतःला अल्हम्ब्राच्या नक्षीपेक्षा हा भाग जास्त थक्क करतो. उंच टेकडीवर शहर वसवायचं तर पाणी खालून वर चढवण्यात शहाणपण नाही, ते आणखी वरून उतरवायला हवं. आल्फाकारजवळच्या झऱ्यातून आइनादामार नावाचा पाट डोंगराच्या कडेकडेने, उतार जेमतेम राखत, आल्बाइसिनच्या माथ्यावर आणला गेला. तिथून पाणी मोहल्ल्यामोहल्ल्यातल्या जमिनीखालच्या हौदांत जाई. हे हौद बहुतेक मशिदींना लागून असत, म्हणजे नमाजाआधीच्या वजूलाही पाणी आणि घरांनाही. विटांच्या कमानीचे असे वीसेक हौद आजही शाबूत आहेत. अल्हम्ब्रासाठी दार्रोचंच पाणी सुमारे ६ किलोमीटर वरच्या अंगाला वळवून वेगळ्या शाही पाटाने नेलं होतं. एवढ्या चढावर हजारो माणसं शतकानुशतकं नांदली ती या उताराच्या गणितावर.

२ जानेवारी १४९२ ला शेवटचा सुलतान बोआब्दिल याने शहर कॅथलिक राजा-राणीच्या हवाली केलं. तहात मुसलमानांना त्यांचा धर्म, कायदा आणि मालमत्ता राखण्याची हमी होती. ती आठ वर्षंही टिकली नाही. १४९९ मध्ये आर्चबिशप सिस्नेरोसने सक्तीची धर्मांतरं सुरू केली, आल्बाइसिनमध्ये उठाव झाला आणि तो तहभंगाचं निमित्त म्हणून वापरला गेला. मशिदींच्या जागी चर्चं आली. आजचं सान साल्वादोर हे मोहल्ल्याच्या मुख्य मशिदीच्या जागेवर आहे, तिचं अंगण चर्चच्या आवारात टिकून आहे. १५६७ च्या फर्मानाने अरबी भाषा आणि पोशाखावरही बंदी आली आणि पुढच्याच वर्षी आल्पुहार्रासच्या डोंगरांत बंड पेटलं. आल्बाइसिनचे धर्मांतरित मोरिस्को त्या बंडात फारसे उतरले नाहीत, तरी १५६९ च्या जूनमध्ये इथल्या पुरुषांना शहरातून हाकलण्यात आलं. त्यानंतर बायकामुलांसकट बाकीच्यांनाही.

टेकडी रिकामी झाली. घरं ढासळली. शेजारशेजारच्या पडीक जागा एकत्र करून लोकांनी उंच भिंतीआडच्या बागा केल्या : एक घर, द्राक्षाचा मांडव, फळझाडं, भाजीचे वाफे, पाण्याचं छोटं कुंड. या बागघरांना इथे कार्मेन म्हणतात. गाइड त्यांच्याकडे बोट दाखवून ‘किती रम्य’ म्हणतो, आणि ती रम्य आहेतही. पण कितीतरी कार्मेन उभी आहेत ती हुसकावलेल्या कुटुंबांच्या जोत्यांवर, हे सहलीत कुणी सांगितलं तर ऐकून घ्यावं.

साक्रोमोंतेची वाट आणखी मजेशीर कारणाने वहिवाटीत आली. १५९५ च्या सुमारास त्या डोंगरात हाडं, राख आणि अरबी मजकूर कोरलेल्या शिशाच्या चकत्या सापडल्या. स्पेनमध्ये ख्रिस्ती धर्म आणणाऱ्या पहिल्या हुतात्म्यांत अरब होते, असा त्यांचा आशय. हकालपट्टीच्या छायेत जगणाऱ्या मोरिस्कोंना सोयीचा, हे उघडच. यात्रेकरूंचे लोंढे वर चढू लागले, वाटेवर क्रूस उभे राहिले, आर्चबिशप पेद्रो दे कास्त्रोने माथ्यावर मठ बांधला. १६८२ मध्ये रोमने त्या चकत्या बनावट ठरवल्या. तोवर मठ उभा होता आणि रस्ता रुळला होता. सेगवेवाले आज जातात तो हाच.

वाटेच्या कडेच्या गुहांत जिप्सी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहिली. पाहुण्यांसाठी गुहेत झांब्रा नाचून दाखवणं हा त्यांचा धंदा विसाव्या शतकात नावारूपाला आला. १९६२-६३ च्या हिवाळ्यात मुसळधार पावसाने गुहा खचल्या आणि हजारो रहिवाशांना शहराच्या कडेच्या तात्पुरत्या वसाहतींत हलवलं गेलं. पुष्कळसे परतलेच नाहीत.

वर चढायचं कसं, हा प्रश्न या सगळ्या काळात गाढवानेच सोडवला. आवेयानोच्या झऱ्याचं पाणी गाढवावर लादून गल्लोगल्ली विकणारे पाणके विसाव्या शतकापर्यंत होते. प्लासा दे ला रोमानियामध्ये पाणक्याचा आणि गाढवाचा पुतळा आहे. साक्रोमोंतेच्या मठात शिकवायला जाणारे पाद्री आंद्रेस मान्होन गाढवीवर बसून याच वाटेने जात. वाटेतल्या गुहांमधली शाळेविना वाढणारी मुलं पाहून त्यांनी १८८९ मध्ये आवे मारिया शाळा काढल्या. क्वेस्ता देल चापिसवर ती शाळा अजून भरते. अल्हम्ब्राच्या टेकडीसाठी १९०७ मध्ये दातेरी रुळाची ट्राम आली आणि १९४४ मध्ये बंद पडली. आल्बाइसिनच्या नशिबी तेवढंही नव्हतं. आता गल्ल्यांच्या मापाच्या छोट्या बस वरखाली करतात. समोरून माणूस आला तर त्याने दारात अंग चोरायचं, अशी रीत आहे.

खालचं शहर मात्र बदलत होतं. बीट साखरेच्या धंद्यात पैसा खेळू लागला आणि १८९५ पासून जुनी वस्ती उभी कापून ग्रान व्हिया हा रुंद रस्ता काढला गेला. आल्बाइसिन चढावर आणि गरीब म्हणून वाचलं. १९३६ च्या जुलैत लष्करी बंडाविरुद्ध शहरातला शेवटचा प्रतिकार इथेच झाला, त्यावर तोफा डागल्या गेल्या आणि नंतरच्या दशकांत लोक फ्लॅटमध्ये राहायला खाली उतरत गेले. १९८४ मध्ये अल्हम्ब्रा आणि शेजारची हेनेरालिफे ही राजबाग युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली, १९९४ मध्ये आल्बाइसिनही. अल्हम्ब्राला दररोज किती माणसं सोडायची याची मर्यादा आहे, हंगामात तिकिटं आधीच संपतात. ज्यांना आत जाता येत नाही ते समोरच्या टेकडीवरून तिला बघायला येतात. गिऱ्हाईक तयार होतं, पण चढ होता तसाच होता.

आता यंत्राकडे. अमेरिकी संशोधक डीन केमनचा मूळ शोध व्हीलचेअरचा होता. आयबॉट नावाची त्याची खुर्ची दोन चाकांवर उभी राहून तोल सांभाळे आणि पायऱ्याही चढे. त्याच तोलाच्या तंत्रातून सेगवे निघाली. ‘जिंजर’ या टोपणनावाखाली वर्षभर अफवा पिकल्या आणि ३ डिसेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये टीव्हीच्या सकाळच्या कार्यक्रमात पडदा उघडला. २००२ च्या अखेरीस आठवड्याला १०,००० यंत्रं बनवावी लागतील, असा केमनचा अंदाज होता. प्रत्यक्षात सप्टेंबर २००६ मध्ये एका बिघाडापायी तोवर विकलेली सगळी यंत्रं दुरुस्तीला परत बोलवावी लागली, तेव्हा त्यांचा आकडा भरला सुमारे २३,५००. जवळपास ५,००० डॉलर किंमत, जिन्यावरून उचलायला अवघड वजन आणि ‘हे फुटपाथवर चालवायचं की रस्त्यावर’ हा न सुटलेला प्रश्न. सॅन फ्रान्सिस्कोने तर विक्री धड सुरू व्हायच्या आधीच फुटपाथबंदी केली. २०१० मध्ये कंपनीचे नवे मालक जिमी हेसेल्डन इंग्लंडमध्ये सेगवेसकट कड्यावरून कोसळून गेले. २०१५ मध्ये कंपनी चिनी नाइनबॉटने विकत घेतली.

कामावर जाणाऱ्याने नाकारलेलं हे यंत्र सुट्टीवर आलेल्याने उचललं, त्याला कारणं आहेत. पर्यटकाला ते विकत घ्यायचं नसतं आणि घरी ठेवायचंही नसतं. शिकायला पाव तास पुरतो. वेग ताशी २० किलोमीटरच्या वर जात नाही आणि गाइड तो आणखी कमी ठेवतो. चढावर तर ते खरंच उपयोगी पडतं. पुढे झुकलं की जायरोस्कोपला कल कळतो, मोटारी चाकं शरीराखाली पुढे ढकलतात. चढ तीव्र तसं झुकणं जास्त, पण पाय दमत नाहीत. वेगाची मर्यादा गाठली की पायाखालची फळी हळूच मागे कलून स्वाराला सरळ करते. उतारावर मोटारीच ब्रेक होतात आणि वीज बॅटरीत परत जाते. त्यामुळे पूर्ण भरलेली बॅटरी घेऊन माथ्यावरून थेट उतरायला लागलं तर वीज जाणार कुठे, म्हणून यंत्र धोक्याचा इशारा देऊन थांबू पाहतं. सहल खालून वर सुरू करण्यात शहाणपण आहे ते असं. साधारण ४५ किलोपेक्षा हलक्या माणसाला का घेत नाहीत, याचं उत्तरही तोलातच आहे : मागे रेलून यंत्र थांबवायला तेवढं वजन लागतं. मग आई-वडील चाकांवर आणि धाकटं शेंडेफळ नाराज, हे चित्र ठरलेलं.

युरोपात सेगवेचे थवे वाढले तशा रहिवाशांच्या तक्रारीही. प्राग शहराने २०१६ मध्ये जुन्या भागात बंदी घातली, त्याच उन्हाळ्यात बार्सेलोनाने समुद्रकिनाऱ्यावरून त्यांना हटवलं. स्पेनभर लागू होणारे नियम आले २०२० च्या अखेरीस : ताशी ६ ते २५ किलोमीटर वेगाच्या या ‘वैयक्तिक वाहनां’ना फुटपाथवर मज्जाव. योगायोग असा की ते अमलात आले २ जानेवारीला, म्हणजे ग्रानादा शहराच्या शरणागतीच्या तारखेला. मूळ सेगवेचं उत्पादन मात्र आधीच, जुलै २०२० मध्ये थांबलं होतं. ती बातमी जूनमध्ये आली तेव्हा मुंबई पोलीस मरीन ड्राइव्हच्या सपाटीवर गस्तीसाठी त्याच जातीची स्वतःचा तोल सांभाळणारी दुचाकी यंत्रं नव्याने उतरवत होते!

कुठल्या रस्त्यावरून काय जाऊ द्यायचं हे स्पेनमध्ये बरंचसं नगरपालिकांच्या हाती आहे, म्हणून ग्रानादाच्या सहलीचा नकाशाही कायमचा नाही. पायऱ्यांच्या गल्ल्या मात्र त्यात येऊच शकत नाहीत. आयबॉट पायऱ्या चढायची, तिच्या या वारसदाराला ते जमत नाही. तिथे पायीच जायचं, आणि माझ्या मते आल्बाइसिनचा निम्मा जीव तिथेच आहे.