जयपूरचा उतार रत्नागिरीत चालत नाही

रत्नागिरीला आमच्या खळ्यात, तुळशीपासून जरा लांब, मी चिऱ्याचं छोटं सम्राट यंत्र बांधायला घेतलं, म्हणजे तिरक्या भिंतीची सावली बाजूच्या कमानीवर पाडून वेळ दाखवणारं सूर्यघड्याळ. गवंडीकाकांना माप दिलं जयपूरचं: पाया १०० सेंटिमीटर, तर उंची ५१. रात्री हिशेब करताना चूक कळली. आपल्याकडे उंची हवी साडेतीस!

यंत्राची तिरकी भिंत पृथ्वीच्या आसाला समांतर असावी लागते, म्हणजे ती ध्रुवाकडे रोखलेली हवी. ध्रुव क्षितिजापासून जितके अंश वर, तितका त्या गावाचा अक्षांश. जयपूरला तो जवळपास २७, इथे १७. (इथला ध्रुव एवढा खाली की बहुतेकदा माडांच्या शेंड्यांत हरवलेला.) जयपूरचा राजा सवाई जयसिंग याने दिल्ली, जयपूर, उज्जैन, वाराणसी आणि मथुरा इथे वेधशाळा उभारल्या. दिल्लीतला उतार साडेअठ्ठावीस अंशांचा, तर उज्जैनचा तेवीसचा. मथुरेची वेधशाळा आता उरलेली नाही.

पितळी यंत्रांचे आस झिजतात, केंद्र सरकतं, म्हणून जयसिंगाने दगड-चुना निवडला. आणि आकार? जयपूरचं थोरलं यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. तिथली सावली मिनिटाला सहा सेंटिमीटर सरकते, बघता बघता सरकते. माझ्या ३० सेंटिमीटर त्रिज्येच्या कमानीवर तीच सावली मिनिटाला जेमतेम सव्वा मिलिमीटर चालते. त्यात सूर्य काही बिंदू नव्हे, अर्ध्या अंशाची थाळी. सावलीची कड कायम धूसर. मला पाच मिनिटांपर्यंत वेळ कळली तरी खूप.

पाहुणे मात्र आधी घड्याळ बघतात आणि यंत्र चुकलं म्हणतात. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, रत्नागिरी त्र्याहत्तरच्या थोडी पुढे. अंशाला चार मिनिटं धरली तर ३७ मिनिटांचा फरक. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेला, म्हणून खरी दुपार वर्षभर मागेपुढे होते: नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.२०, तर फेब्रुवारीच्या मध्यावर १२.५१.

८ मेच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जयपूर कर्कवृत्ताच्या उत्तरेला, त्यामुळे तिथे हे कधीच घडत नाही. त्या दिवसासाठी आम्ही मांडवाची दोन झापं काढून ठेवतो. ऑगस्टच्या ५ तारखेच्या आसपास सूर्य पुन्हा डोक्यावर असतो, पण तेव्हा त्याला बघणार कोण, पावसात!