भूसंपादनाचा पैसा आणि आयकर: गोव्याची पार्श्वभूमी

महामार्ग रुंद होतो, कोकण रेल्वे येते, मोपाच्या पठारावर विमान उतरते, तेव्हा कोणाची तरी भाटे-शेते गेलेली असतात. मोबदला खात्यात पडला की घरात विचारणा सुरू होते, कर किती बसणार? माझे म्हणणे असे की आधी निवाड्याचा, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या सरकारी आदेशाचा, कागद काढा आणि जमीन कुठल्या कायद्याखाली घेतली ते वाचा.

1894 च्या भूसंपादन कायद्यात आयकराची सूट नव्हती. मालकाने राजीखुशीने विकली नसली, तरी आयकराच्या लेखी ते हस्तांतरणच. म्हणून त्यातला नफा भांडवली नफा धरून त्यावर कर. शेतजमीन पूर्वी यातून बाहेर होती. 1970 पासून शहरातली आणि शहरालगतची शेती करात आली. आज दहा हजार ते एक लाख वस्तीच्या पालिकेपासून दोन किलोमीटर ही हद्द आहे. 2011 च्या जनगणनेत गोव्यातली एकही पालिका लाखावर नव्हती, त्यामुळे आपल्याला हेच अंतर महत्त्वाचे. त्यापलीकडच्या पंचायतीतल्या खऱ्या शेतीला हा कर नाहीच. शहरी शेतीही सक्तीने गेली आणि आधीची दोन वर्षे ती कसलेली असली, तर 2004 पासून व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला सूट मिळाली.

निवाडा एका वर्षी होतो, कोर्टाची वाढीव रक्कम कितीतरी वर्षांनी येते. 1987 च्या दुरुस्तीने कर पैसा हातात येण्याच्या वर्षाशी बांधला. ही दुरुस्ती न्याय्यच होती.

गोव्याचा एक पदर मात्र निराळा. पोर्तुगीज नागरी संहितेने पतीपत्नीची मालमत्ता सामाईक. मग कर कोणावर, पतीवर, पत्नीवर की दोघांच्या समूहावर? 1994 मध्ये आयकर कायद्यात कलम 5-अ आले, तेही 1963 पासून लागू करून: पगार सोडून बाकीचे उत्पन्न दोघांत निम्मेनिम्मे. आमच्या शेजारच्या काकींचे नाव एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, कधीच नव्हते. धनादेशही काकांच्याच नावाचा. तरी अर्धा नफा काकींच्या विवरणपत्रात दाखवावा लागला. त्यांना हे कोणी आधी सांगितलेच नव्हते, याचे मला फार वाईट वाटते.

मोठा बदल 2013 च्या नव्या भूसंपादन कायद्याने केला. 1 जानेवारी 2014 पासून तो लागू झाला आणि त्याच्या कलम 96 ने निवाड्याच्या रकमेवरचा आयकर काढला. अपवाद कलम 46 मधल्या खाजगी खरेदीचा. आयकर कायद्यात तशी तरतूद नसल्याने घोळ होता. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने 25 ऑक्टोबर 2016 च्या परिपत्रकाने सूट मान्य केली, बिगरशेती जमिनीलासुद्धा.

महामार्गाची जमीन मात्र 1956 च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याने घेतली जाते. नव्या कायद्याचे मोबदल्याचे नियम तिला 2015 पासून लागू झाले. त्यांच्याबरोबर करमाफीही आली का, यावरचे वाद न्यायालयांपर्यंत गेले. पत्रादेवीपासून पोळेपर्यंत, म्हणजे गोव्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ज्यांची जमीन रस्त्यात गेली, त्यांनी निवाड्यावर या महामार्ग कायद्याचे नाव आहे का ते पाहावे.